अंदमानची सहल आणि पाण्याखालची एक घटका

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण ठरविले की, दोन वर्षांची भिशी पुरी झाली म्हणजे मंडळाची सहल अंदमानला न्यायची. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. पण हातातला तिळगूळ संपायच्या आत कुजबूज सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही. कोणी म्हणते, एवढ्या लांब कशाला? कोणी म्हणते, तिथे म्हणे पाठीला नळकांडे बांधून समुद्राच्या तळाशी नेतात, ते आपल्याला जमायचे आहे का? आमच्या गल्लीतल्या एक मावशी तर मला स्पष्टच म्हणाल्या, "माय वं, समुद्रमा काय ठेवेल शे?" मावशींचा प्रश्न अगदी रास्त आहे. गेल्या फेब्रुवारीत मी माझ्या धाकट्या बहिणीबरोबर तिकडे जाऊन आले, पाण्याखालीही उतरले, म्हणून कार्यकारिणीने मला आज बोलायला उभे केले आहे. समुद्रात काय ठेवले आहे ते मी सांगणारच आहे. पण त्याआधी आणि त्याहून जास्त, तिथे जाण्याची तयारी इथे नंदुरबारात बसून कशी करायची, ते मला सांगायचे आहे.

आपला जिल्हा पाण्याला परका नाही. उत्तरेला नर्मदा आहे, मधून तापी वाहते, प्रकाशाच्या संगमावर डुबकी घेतलेली नाही अशी बाई या सभेत सापडायची नाही. परंतु आपले पाणी ओंजळीचे आणि कळशीचे. त्याच्या आत डोळे उघडून पाहावे असे आपल्याला कधी कोणी सांगितले नाही. डुबकी घेताना आपण डोळे मिटतो, नाक धरतो, देवाचे नाव घेतो आणि वर येतो. अंदमानला नेमके उलटे करायचे असते. डोळे उघडे ठेवायचे आणि श्वास चालू ठेवायचा.

कोणी असे म्हणेल की, समुद्रच पाहायचा तर मालवण काय वाईट? मुळीच वाईट नाही. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकविणारी संस्था आहे, मालवणच्या समोर सिंधुदुर्ग किल्ला आहे, प्रवास सोपा आणि खर्च थोडा. ज्यांना आठ-नऊ दिवस घर सोडता येत नाही त्यांनी मालवणला जावे. त्यांची सहल कमी प्रतीची झाली असे कोणी समजू नये. परंतु अंदमानला पाणी अधिक निवळ असते, प्रवाळ अधिक आहे, आणि मुख्य म्हणजे तिथे सेल्युलर जेल आहे. ज्या गावात ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळीबारात पडले, त्या गावच्या बायकांनी एकदा तरी तो तुरुंग पाहावा, असे मला वाटते.

आता जायचे केव्हा ते पाहू. मे महिन्यापासून तिकडे पाऊस लागतो तो सप्टेंबरपर्यंत, आणि पुढे परतीच्या वाऱ्याचा पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत अधूनमधून चालतो. तेव्हा जानेवारी ते एप्रिल हा काळ चांगला, त्यातही फेब्रुवारी-मार्च उत्तम. समुद्र शांत असतो आणि पाणी स्वच्छ. मुलांच्या परीक्षा मार्चात असतात हे मला ठाऊक आहे, म्हणून फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा मी सुचविते.

प्रवासाची गंमत अशी की, नवजीवन एक्स्प्रेस आपल्या नंदुरबार स्टेशनवरूनच जाते आणि थेट चेन्नईला पोचविते. एक दिवस-रात्र आणि वर थोडे, एवढा प्रवास. पुढे चेन्नईहून विमानाने दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर. या गावाचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम असे झाले. पण तिकिटे काढताना दोन्ही नावे कानावर पडतील, गोंधळू नये. आगबोटही आहे, परंतु तिला सुमारे तीन दिवस लागतात आणि महिन्यातून फेऱ्या मोजक्याच. आपल्यापैकी ज्यांना बस लागते त्यांनी आगबोटीचे नाव काढू नये.

श्री विजयपुरमहून पुढे ज्या बेटांवर जायचे त्यांचीही नावे डिसेंबर २०१८ मध्ये बदलली. हॅवलॉकचे स्वराज द्वीप झाले, नीलचे शहीद द्वीप, आणि रॉस बेटाला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव दिले. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ रोजी याच गावी तिरंगा फडकविला होता आणि बेटांना शहीद व स्वराज ही नावे द्यावी असे म्हटले होते, त्याची ती आठवण. शहीद द्वीपावर गेलात तर किनाऱ्यांची नावे ऐकून घरच्यासारखे वाटेल. तिथे सीतापूर आहे, भरतपूर आहे, लक्ष्मणपूर आहे. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी ही गावे वसविली. घरदार सोडून आलेल्या माणसांनी समुद्राच्या मधोमध रामायण मांडले, याचे मला फार कौतुक वाटले.

दिवसांचा क्रम लावताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. पाण्याखाली उतरण्याचा दिवस सहलीच्या आरंभीही नको आणि शेवटीही नको. आरंभी अशासाठी नको की, गाडीच्या वातानुकूलित डब्यात निम्म्या बायकांना सर्दी झालेली असते आणि झोप पुरी झालेली नसते. सर्दीत कानांतला दाब सुटत नाही, आणि औषध घेऊन नाक मोकळे करून उतरणे हे तर अधिकच वाईट, कारण औषधाचा असर मध्येच ओसरला म्हणजे वर येताना कान दगा देतो. शेवटी अशासाठी नको की, पाण्याखाली आपण दाबाखालची हवा घेतो, तिच्यातला नायट्रोजन रक्तात विरघळतो, आणि तो शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढ्यात विमानात बसून उंच गेले तर त्याचे बुडबुडे होऊन सांध्यांना, मेंदूला इजा पोचू शकते. पाण्यातून वर आल्यापासून विमानात बसेपर्यंत किमान १८ तास जावे लागतात. आपण पुरते २४ तास धरू. प्रवास-कंपन्यांच्या छापील कार्यक्रमांत सकाळी समुद्र आणि संध्याकाळी विमान असे लिहिलेले मी पाहिले आहे. स्वस्त पडते म्हणून असला कार्यक्रम कोणी घेऊ नये.

म्हणून माझा क्रम असा. पहिल्या दिवशी पोचून सेल्युलर जेल. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने स्वराज द्वीप, आणि दुपारी राधानगरच्या किनाऱ्यावर नुसते बसणे. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याखाली. चौथा आणि पाचवा दिवस शहीद द्वीपावर आरामात. सहाव्या दिवशी परत येऊन रॉस बेट, सातव्या दिवशी विमान. आणखी एक सांगते. तिकडे आपलेच घड्याळ चालते, पण सूर्य आपल्याला विचारीत नाही. हिवाळ्यात पाच-सव्वापाचला तो मावळतो आणि पहाटे लवकर उगवतो. दुपारी वामकुक्षी करून चारला चहा घेऊन मग निघू म्हणणाऱ्या मंडळींच्या पदरी अंधार पडेल.

सेल्युलर जेलविषयी थोडे बोलते. काळ्या पाण्याची वसाहत १८५८ साली, सत्तावनच्या उठावानंतर बसली. तुरुंगाची इमारत मात्र पुढे १८९६ ते १९०६ या काळात उभी राहिली. मधल्या मनोऱ्यातून चक्राच्या आऱ्यांसारख्या सात ओळी निघत, त्यांतल्या आज तीन उरल्या आहेत. एका ओळीची पाठ दुसरीच्या तोंडाकडे, त्यामुळे समोरासमोर दोन कोठड्या कुठेच नाहीत. कैद्याने कैद्याचे तोंड पाहू नये हाच हेतू. कोठडी साडेतेरा फूट लांब आणि जेमतेम सात-साडेसात फूट रुंद. बाबाराव सावरकर आधी आणि तात्याराव १९११ साली इथे आले. दोघे भाऊ एकाच तुरुंगात असून कितीतरी काळ एकमेकांना भेटू शकले नाहीत. तेलाचा घाणा तिथे ठेवला आहे. बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला तीस पौंड तेल काढायला लावीत. आपल्याकडे घाणी पाहिलेली माणसे अजून आहेत. त्यांना हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

आपणां बायकांनी आणखी एक गोष्ट जाणून जावे. काळ्या पाण्यावर स्त्री-कैदीही पाठवीत. काही वर्षे शिक्षा भोगून वर्तणूक चांगली ठरली म्हणजे त्यांना तिथल्याच पुरुष कैद्यांशी लग्न लावण्याची परवानगी मिळे. कोणी कुठल्या प्रांताची, कोणी कुठल्या जातीची, भाषा निरनिराळ्या, आणि संसार मांडायचा तो परक्या बेटावर! त्यांची नातवंडे-पणतवंडे आज तिथे आहेत. तुरुंगाच्या भिंतीवर क्रांतिकारकांची नावे कोरलेली आहेत ती वाचताना मला भरून आले, पण या बायकांची आठवण मी आपली मनात ठेवली. शिरीषकुमार नंदुरबारात पडला तेव्हा त्या तुरुंगावर इंग्रजांचे नव्हे, तर जपान्यांचे निशाण होते. मार्च १९४२ मध्ये त्यांनी बेटे घेतली, आणि हेरगिरीच्या संशयावरून अनेक भारतीयांचा त्याच कोठड्यांत छळ केला. संध्याकाळचा प्रकाश-ध्वनीचा खेळ चुकवू नये, परंतु दिवसाउजेडी तासभर एकटे फिरून पाहावे. खेळापेक्षा ती शांतता अधिक बोलते.

आता पाण्याखालची गोष्ट. पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी जो प्रकार असतो त्याला प्रमाणपत्र लागत नाही. वय दहा वर्षांच्या वर हवे. पोहता आलेच पाहिजे असेही नाही, पण ज्यांना पाण्याची सवय आहे त्यांची धडधड लवकर थांबते. अर्धा-पाऊण तास उथळ पाण्यात शिकवितात, मग शिक्षकाने हाताशी धरून सहा ते दहा-बारा मीटर खोलीपर्यंत न्यायचे, आणि वीस-पंचवीस मिनिटांत वर आणायचे. आपल्या हिशेबाने एक घटका. पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू असतो असे सगळे म्हणतात ते खरे नव्हे. साधी हवाच दाबून भरलेली असते. ती तोंडातल्या श्वासयंत्रातून हवी तेवढी मिळते. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी ही युक्ती साधली, आणि तेव्हापासून माणूस पाण्याखाली मोकळेपणी हिंडू लागला.

सगळ्या नियमांचा राजा एकच. श्वास कधीही रोखायचा नाही. का, ते आपल्याला तोरणमाळच्या घाटाने शिकविलेले आहे. खाली शहाद्याला घेतलेले वेफर्सचे पाकीट वर तोरणमाळला, सुमारे साडेअकराशे मीटरवर, फुगून टुम्म होते. वर हवेचा दाब कमी, म्हणून आतली हवा पसरते. पाण्यात हेच कितीतरी पटीने होते. नुसते दहा मीटर खाली गेले तरी दाब दुप्पट होतो. तिथे भरून घेतलेला श्वास छातीत कोंडून वर आले तर तीच हवा दुप्पट जागा मागते. पाकीट फुटले तर चार वेफर्स जातील; फुप्फुसाचे तसे नाही. म्हणून सावकाश श्वास घ्यावा, सावकाश सोडावा, वर येताना तर मुळीच घाई करू नये. घाट उतरताना कानात दडे बसतात, तसेच पाण्यात उतरतानाही होते. तिथे नाक चिमटीत धरून हलकेच नाकातून फुंकायचे म्हणजे कान सुटतात. दुखू लागायच्या आधीच, दर हातभर खाली गेले की हे करावे. दुखलेच तर शिक्षकाला खूण करावी आणि थोडे वर यावे. सोसण्याची जागा ती नव्हे.

खुणांवरून आठवले. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा ठरलेल्या आहेत. अंगठा वर केला म्हणजे 'छान' असे आपण समजतो. तिथे त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो. माझी बहीण आनंदाच्या भरात अंगठा दाखवीत राहिली आणि शिक्षकाने तिला दोनदा वर आणले! छान म्हणायचे तर अंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ करायचे.

इतके झाले, तरी मी ज्यासाठी उभी राहिले ती गोष्ट अजून सांगितलेली नाही.

उतरण्याआधी आपल्या हातात एक कागद देतात. दमा आहे का, हृदयाचे दुखणे आहे का, फेफरे येतात का, रक्तदाब, मधुमेह, कानाची शस्त्रक्रिया, अलीकडचे कसले ऑपरेशन, पोटुशी आहात का. प्रश्नांपुढे 'हो' किंवा 'नाही' लिहायचे. एकाही ठिकाणी 'हो' आले तर डॉक्टरची चिठ्ठी मागतात. आणि हा कागद हाती पडतो तो कुठे? सकाळी सात वाजता, किनाऱ्यावरच्या झोपडीत, पैसे भरून झाल्यावर, अंगात रबरी पोशाख चढविण्याच्या गडबडीत. तिथे डॉक्टर कुठून आणायचा?

माझ्या शेजारी माझ्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या, आपल्याच महाराष्ट्रातल्या. त्यांनी सरसकट 'नाही, नाही, नाही' अशी रांग ओढली. त्यांची सून हळूच म्हणाली, "आई, तुमचा पंप?" त्यांनी डोळ्यांनीच तिला गप्प केले. पण शिक्षकाच्या कानावर गेले होते. तो मुलगा मोठा सभ्य. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "मावशी, मी तुम्हाला नेणार नाही." बाईंचा चेहरा उतरला. मला म्हणाल्या, "मुलाने पैसे भरलेत हो. आता तो काय म्हणेल?" दम्याच्या माणसाच्या बारीक श्वासनळ्यांत हवा अडकून बसते, आणि वर येताना ती अडकलेली हवाच फुगते. हे त्यांना कोणी आधी सांगितलेले नव्हते. त्यांना एवढेच माहीत होते की, दुखणे सांगितले म्हणजे सर्वांचा विरस होतो.

भगिनींनो, त्या बाई खोटारड्या नव्हत्या. त्या आपल्यासारख्याच होत्या. आपल्या घरांत बाईचे दुखणे हे अंथरुणाला खिळेपर्यंत दुखणेच नसते. कंबर दुखते ते सांगायचे नाही, कारण पाहुणे यायचे आहेत. धाप लागते ते सांगायचे नाही, कारण मग शेतावर कोण जाईल? सांगितले तर 'हिचे रोजचेच' होते. 'मला काही होत नाही' हे वाक्य आपल्या जिभेवर इतके बसले आहे की, डॉक्टरसमोरही तेच बाहेर पडते. जमिनीवर या वाक्याने आपले नुकसान होतेच, पण ते हळूहळू होते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पाण्याखाली हे वाक्य जिवावर बेतते.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. तो प्रश्नांचा कागद आपण इथेच भरायचा, सहलीच्या दोन महिने आधी, एकेकीने एकटीने, डॉक्टरांसमोर बसून. सासूबाई बरोबर नकोत, यजमान नकोत आणि मैत्रीणही नको. जिला 'हो' लिहायचे आहे तिने ते निर्धास्त लिहावे. कागद डॉक्टर आणि ती बाई यांच्यातच राहील; मंडळाकडे फक्त 'उतरू शकते' किंवा 'उतरू नये' एवढी चिठ्ठी येईल, कारण विचारण्याचा अधिकार अध्यक्षीणबाईंनाही नाही. ज्यांची उमेदीची वर्षे चुलीच्या धुरात गेली त्यांनी छाती अवश्य तपासून घ्यावी. आणि आपल्या जिल्ह्यात सिकलसेल घरोघर माहीत आहे. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ पासून देशव्यापी मोहीम सुरू झाली, आणि आपल्याकडे तपासणी त्याआधीपासून होते आहे. ज्यांना हा आजार आहे त्यांनी पाण्याखाली उतरण्याचा विचार करू नये, आणि विमानप्रवासाविषयीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्या नुसत्या वाहक आहेत त्यांनी ते लिहून डॉक्टरांना विचारावे. ज्यांनी कार्ड काढलेलेच नाही त्यांना सहलीच्या निमित्ताने ते काढता येईल. गरोदर बाईने उतरायचेच नाही, यात दुसरे मत नाही. महिन्याच्या अडचणीविषयी दोघी-तिघींनी मला कानात विचारले, ते इथे उघड सांगते: वैद्यकीय दृष्टीने त्याची आडकाठी नाही, ज्या त्या बाईने आपली सोय पाहावी.

जिला डॉक्टर नको म्हणतील तिची सहल बुडत नाही. तळाला काच लावलेल्या नावा तिथे असतात, त्यांतून बसल्या जागी प्रवाळ दिसते. त्या बाईदेखील मग तशा नावेतून गेल्या आणि परत आल्या त्या आमच्याहून जास्त बोलत होत्या.

शिक्षकांनाही आपण प्रश्न विचारायचे. त्यांचे शिक्षक-प्रमाणपत्र पाहायला मागावे. एका शिक्षकाकडे एकच बाई हवी; दोन हातांना दोघी असे चालवून घेऊ नये. नावेवर आजारी माणसासाठी खरा प्राणवायू आहे का, हेही विचारावे. समुद्र खवळला तर पैसे परत की दुसरा दिवस, ते लिहून घ्यावे. भाजीच्या जुडीसाठी आपण चार वाक्ये बोलतो, इथे चार जास्त बोलायला लाजू नये.

पोशाखाची चिंता पुष्कळ जणींना आहे. रबरी पोशाख मानेपासून पायापर्यंत झाकणारा मिळतो. अंगाला घट्ट बसतो हे खरे, पण पाण्यात शिरले की कोण कोणाकडे पाहते? आत साधे पोहण्याचे कपडे किंवा तंग सलवार-कुडता चालतो. मंगळसूत्र, बांगड्या, कानांतले किनाऱ्यावर राहणाऱ्या मैत्रिणीकडे द्यावे. साखळी नळ्यांत अडकते. वेणी घट्ट घालावी, कारण चष्म्याच्या कडेखाली केस आला की पाणी आत शिरते. कवळी असेल तर ती काढून ठेवावी आणि शिक्षकाला तसे सांगावे.

आता मावशींचा प्रश्न. समुद्रात काय ठेवले आहे?

पहिली गोष्ट म्हणजे आवाज. आपलाच श्वास आत-बाहेर जाताना ऐकू येतो; दिवसभरात आपण तो कधी ऐकतो? मग रंग. सहा-सात मीटर खाली लाल रंग विझून जातो, कारण पाणी तो आधी गिळते. माझ्या नखांवरचा लाल रंग काळसर दिसू लागला. प्रवाळाला लोक दगड समजतात, पण ती बारीक जीवांची वसाहत आहे, आपल्या वारुळासारखी. पोपटासारख्या चोचीचा मासा ते प्रवाळ कुरतडतो, आणि भाकरीचा पापुद्रा मोडावा तसा त्याचा आवाज येतो. आणि एक नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा विषारी फुलासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या कुशीत राहतो. त्याच्या घरात सर्वांत मोठी असते ती मादी, आणि तिचाच हुकूम चालतो. ती गेली की तिच्याखालचा नर स्वतःच मादी होतो आणि कारभार हाती घेतो! हे मी घरी जेवताना सांगितले तेव्हा यजमानांनी निमूट ताक मागितले.

या प्रवाळाला हात लावू नये, पाय टेकवू नये. २०१० साली समुद्र तापला तेव्हा अंदमानचे कितीतरी प्रवाळ पांढरे पडले. ते भरून यायला वर्षे लागतात. प्रवाळाचा तुकडा बरोबर आणणे गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने. शोकेससाठी म्हणून किनाऱ्यावरून उचललेले तुकडेही विमानतळावर पिशवीतून बाहेर काढतात. काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींचे फलक आहेत, त्यांचे ऐकावे.

एका ठिकाणी मात्र आपण जाऊ नये असे माझे मत आहे, आणि त्यावर वाद झाला तरी चालेल. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवा लोकांच्या राखीव रानातून जातो. गाड्यांचा ताफा सोडतात, थांबायला बंदी, छायाचित्राला बंदी. गुहा चांगल्या असतील. परंतु पुष्कळ लोक त्या रस्त्याने जातात ते गाडीच्या खिडकीतून माणसे दिसतील म्हणून. काठीच्या राजवाडी होळीला, धडगावच्या बाजाराला बाहेरगावचे लोक कॅमेरे घेऊन येतात आणि आपल्या पावरा-भिल्ल बहिणींच्या तोंडाशी नेऊन धरतात, तेव्हा आपल्याला कसे वाटते? या मंडळातल्या ज्या भगिनींच्या माहेरी हे घडते, त्यांना मी वेगळे काय सांगू? तो दिवस आपण शहीद द्वीपावर घालवू.

खर्चाचे सांगून थांबते. दरमहा दोन हजारांची भिशी, चोवीस महिने, म्हणजे प्रत्येकीचे अठ्ठेचाळीस हजार होतात. गाडी, विमान, बोटी, राहणे-जेवण आणि पाण्याखालची घटका एवढ्यात बसवायची आहे. विमानाची तिकिटे चार-पाच महिने आधी काढली तरच हे जमेल. जी उतरणार नाही तिचे तेवढे पैसे तिला परत. बोटीसाठी आणि विमानासाठी ओळखपत्रावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. लग्नानंतर ज्यांचे नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे आहे, त्यांनी या महिन्यात ते दुरुस्त करून घ्यावे.

प्रश्नांच्या कागदाचे मराठी भाषांतर मी करून आणले आहे. प्रती कोषाध्यक्षबाईंकडे आहेत. जाताना प्रत्येकीने एक घ्यावी, येणार असो वा नसो. तपासणीसाठी डॉक्टरीणबाईंनी दर मंगळवारी दुपारी दोन ते चार ही वेळ दिली आहे. पहिल्या मंगळवारी मावशींनी नाव लिहविले आहे. दुसरे नाव अजून रिकामे आहे.